इकलेलं पोर

बुधवार, ५ जानेवारी १९४४

आन वर मालक मलाच म्हणतात — "चार बाळंतपणं झाली, अजून पोर निजवता येईना व्हय तुला?" दुपारी जेवाय आले, भाकरीचा घास मोडायच्या आधी ह्येच! सोत्ता निजतात गुऱ्हाळावर. चुलवाणाची ऊब, रसाचा वास, गप्पा हाणायला चार गडी. हिकडं मी आन ह्यो गुंडा. त्याला अडीच वरसं, मला चाळिशी, आन पोटाला सातवा म्हयना. म्हणलं, एक दिस तुमी निजवून दावा, मी जाते गूळ ढवळायला! तर हसले. हसायला काय जातंय.

दिवाळीत अंगावरचं तोडलं त्याचं. सुईण राहीबाई म्हणली, "पोटुशीचं दूध वरच्याला बाधतं, आन आतल्याचं कमी पडतं. तोड आता." कडू काळा बोळ उगाळून लावला. गुंडानं तोंड लावलं, काढलं, आन माझ्याकडं बघितलं. रडला न्हाई. नुस्ता बघत ऱ्हायला — जशी काय मी कोण दुसरीच बाई. तवापासनं झोप गेली त्याची. डोळा लागला न लागला की दचकून उठतो. चोळी ओढतो, मग आपणच सोडतो, आन मग गाव गोळा करतो आरडून. मीठ-मिरच्या ओवाळल्या. भैरोबाचा अंगारा लावला. पाळण्यात घातला, पाळण्यातनं काढला. काय बी उपेग न्हाई.

हे लिहिते कारण सांगायला कोण न्हाई. लेक रंगू कोरेगावला दिली, तिची शाळंतली अर्धी वही फळीवर पडून व्हती. मी दुसरीपातूरच शिकले. अक्षर कोंबडीच्या पायागत. असंना. वाचणार कोण?

शुक्रवार, ७ जानेवारी

सकाळी म्हशीच्या गव्हाणीत निजला. म्हशीनं हुंगलं, गरम फुसकारा सोडला त्याच्या तोंडावर, तरी उठला न्हाई. वैरण घालायची व्हती. म्हस उपाशी ठेवली, पर त्याला उठवला न्हाई.

रविवार, ९ जानेवारी

राहीबाईला बोलवून पोट दाखवलं. हात तेलात बुडवून लय येळ चाचपत बसली. मी म्हणलं, "बोल की बाई! मेलंय का जितं हाय?"

"जितं हाय. लाथा घालतंय. तुजंच काय सांगता येत न्हाई."

तिचं म्हणणं असं. गुंडाच्या येळंला माजं रगत थांबता थांबलं न्हवतं, आता वय वाढलंय, अंगात काय उरलं न्हाई. डोळ्यांखाली काळं झालंय. पाय सुजलेत. "निजतीस का?" इचारलं. मी गुंडाकडं बोट दाखवलं. तर म्हणली, "अशी जागी ऱ्हाऊन बाळंतीण व्हायला बसलीस तर कळा द्यायला ताकद कुटनं आणशील? पोर भायेर येईल, तू ऱ्हाशील आत."

लय थेट बोलती. मला आवडती.

मग ठरवलं. बाजंची खोली मागल्या अंगाची, तिथं वारं लागत न्हाई. गवऱ्या आत्तापासनं आत रचायच्या. जुनी लुगडी धुऊन दुपटी फाडायची. आन दिस भरले की बैलगाडी दारात उभी पाहिजे, वर गवत अंथरून — रगत लागलं तर सरळ कऱ्हाडच्या दवाखान्यात. मालक म्हणले, "तिथं बापय डाक्टर असतो." राहीबाई म्हणली, "आवं, मग सरणावर बापयच उचलून नेतात की, तवा चालतंय?" मालक उठून गोठ्यात गेले.

सगळं ठरलं. झोपंचं तेवढं कुणाला ठरवता आलं न्हाई.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज माझ्या हातनं झालं. लिहिते.

वाण द्यायला बाया आल्या व्हत्या. शेजारची भामाबाई भरल्या घरात म्हणली, "औंदा मज्जा हाय. आईची दुपटी आन लेकीची दुपटी एकाच दोरीवर वाळणार!" सगळ्या हसल्या. रंगूला दिवाळीत पोरगा झाला न्हवं. मीबी हसले. हसले, पर कान तापले. नातवंडाचं तोंड बघितलेली बाई मी, आन पोट घेऊन तिळगूळ वाटतेय.

त्यातच गुंडा आला. सकाळपासनं डुलत व्हता, निजत न्हवता. मांडीवर चढाय लागला, गुडघा घातला पोटात. लागलं. लय लागलं. मी ढकलला. मारायचा न्हवता — न्हाई, खोटं कशाला लिहू, मारायचाच व्हता. उंबऱ्यावर डोकं आपटलं त्याचं. भामाबाई म्हणली, "पडलं गं, पडलं लेकरू," जशी काय आपणच पडलं.

आन त्यो उठून रडत आला कुणाकडं? माझ्याकडंच! मी ढकलला, आन माझ्याच गळ्यात पडला. त्यापरीस भामाबाईकडं गेला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, १५ जानेवारी

टेंगूळ निळं झालंय. मालकांनी इचारलं. म्हणलं, पडला.

गुरुवार, २० जानेवारी

राहीबाई आन भामाबाई दोघी मिळून आल्या. राहीबाई म्हणली, "ह्या पोराला जन्मला तवाच इकायला पाहिजे व्हता."

खरं हाय ते. रंगूच्या पाठीवर माझी दोन पोरं वरसाच्या आत गेली. अशा घरात पोर जगलं की ते इकायची रीत हाय. सूपभर कोंडा घ्यायचा आन पोर दुसरीच्या ओटीत टाकायचं. तीन बारी म्हणायचं, पोर तुमचं, आमचं न्हवं. जे काय वाईट मागं लागलंय त्याला वाटतं, ह्या आईचं पोरच न्हाई, हितं बसून काय करायचं. ते जातं निघून. मग चांगला दिस बघून सूपभर जोंधळं घालायचं आन पोर परत घ्यायचं. गुंडाच्या येळंला मी रगतात पडलेली, कुणाला सुचलंच न्हाई.

"झोप मोडणारं तेच हाय," राहीबाई म्हणली. "आता दुसरं यायच्या आत इक. बारशाला परत घे."

मालक दारातनंच म्हणले, "मग मनुआक्का येतीय पुढल्या आठवड्यात, तिलाच इकू." मनुबाई म्हंजे त्यांची थोरली भण, विट्याची. तिचा नवरा लांब मद्रासंला सोनं गाळायच्या दुकानावर असतो, वरसातनं एकदा येतो. मूलबाळ न्हाई.

राहीबाईनं लगेच मान हलवली. "तिला नगं. पाच पोरांच्या आईला इकायचं असतंय. जिला हाय ती परत देती. जिला न्हाई तिच्या ओटीतनं निघत न्हाई."

माझा तोल सुटला. म्हणलं, रीत म्हंजे रीत! कोण का घेईना! पाच पोरांची आई शोधत मी गावभर हिंडू का ह्या पोटानं?

राहीबाई म्हणली, "तुज्या जिवाची घाई, दुसरं काय."

मंगळवार, २५ जानेवारी

इकला.

सकाळी न्हाऊ घातला. नवी कुंची घातली. मनुवन्सं आडव्या सोप्यात पदर पसरून बसल्या. राहीबाईनं सूपभर कोंडा आणला, जोंधळ्याचा, नाकात जात व्हता. मालक शिंकले तर राहीबाई म्हणली, "आता थांबा दोन पळं, अपशकुन नगं." गुंडाला वाटलं खेळ हाय, हसाय लागला.

पैल्या बारीला मी म्हणले, "पोर तुमचं, आमचं न्हवं." तोंडातल्या तोंडात. राहीबाई म्हणली, "मोठ्यानं. ऐकू जायला पाहिजे त्याला." दुसऱ्या बारीला मोठ्यानं म्हणले.

आन तिसऱ्या बारीला —

ते खोटं बोलायचं असतं. रीतच ती. सगळ्यांना ठावं असतं की खोटं हाय, फकस्त त्या वाईटाला खरं वाटाय पाहिजे. पर तिसऱ्या बारीला ते माझ्या पोटातनं आलं. घसा फाडून म्हणले. न्या! असंबी म्हणले वर, ते रीतीत न्हाई. मनात आलं, न्या एकदाचा, मला निजू द्या.

मनुवन्संनी माझ्याकडं बघितलं. त्याचं डोकं छातीशी घेतलं, त्या निळ्या टेंगळावर तळवा ठेवला. राहीबाईनं सूप माझ्या हातात दिलं आन म्हणली, "ह्याचं नाव आता कोंडीबा. परत घेईपातूर इकणारीनं आपलं म्हणायचं न्हाई त्याला. हाक बी मारायची न्हाई."

मग वन्संच म्हणल्या, "बनू, बारशापातूर विट्याला नेते ह्याला. तेवढीच तुला निवांत झोप." मालक व्हय म्हणले. माझ्याकडं बघितलं. मीबी व्हय म्हणले. इचारायच्या आत म्हणले.

कोळशावरची मोटार फाट्यावर थांबली. गुंडा काचंतनं हात हलवत गेला. रडला न्हाई. त्याला वाटलं जत्रंला चाललाय.

बुधवार, २६ जानेवारी

भाकरी खाल्ली आन आडवी झाले. उठले तवा दिस मावळला व्हता. म्हशीची धार भामाबाईनं काढली.

रविवार, ३० जानेवारी

पायाची सूज उतरली. राहीबाई तोंड बघून म्हणली, "रंग आला की गं!" चांगलं म्हणली. मला मात्र वाटलं चोरी करताना धरलं.

आज आंथरूण झाडताना त्याची एक करगोट्याची घुंगरी पडली. उचलून कोनाड्यात ठेवली. आन परत निजले! दुसरी आई असती तर बसून रडली असती. मी निजले. कसली मी बया हाय कळंना.

शनिवार, १२ फेब्रुवारी

मालक कऱ्हाडला गूळ घालून तसंच मोटारीनं विट्याला जाऊन आले. आल्या आल्या चटणी-भाकरी मागितली, खात खात सांगितलं. घासाघासाला थांबतात. मला घाई.

"हाय मजेत. गेलो तवा दुपारी आक्काच्या मांडीवर गाढ निजला व्हता. आक्का म्हणती, दिवा लागला की निजतो ते कोंबड्याला उठतो."

"एकदा बी उठत न्हाई?"

"न्हाई म्हणती."

"मला इचारतो का?"

पाणी प्याले. मग म्हणले, "कोंडीबा म्हणलं की बघतो. गुंडा म्हणलं तर बघितलं न्हाई." आन हसत म्हणले, "आक्कालाच आई म्हणतोय बेणं."

मी ताट उचललं त्यांच्या पुढनं. अजून अर्धी भाकरी व्हती त्यात.

मग सरळच हाय. माझ्यापाशी निजत न्हवता, तिच्यापाशी निजतो. नड पोरात न्हवती, काय मागं लागलेलं बी न्हवतं. नड माझ्यात व्हती. त्याला मागं लागलेलं वाईट म्हंजे मीच.

मंगळवार, २२ फेब्रुवारी. शिवरात्र

भामाबाईचं धाकटं रडलं आन माझी चोळी भिजली. दुसऱ्याच्या पोराच्या रडण्याला! उपास असून लाज गिळली.

शुक्रवार, ३ मार्च

खोली सारवली. बाज विणून घेतली, बाजंखाली शेगडी. डिंक, अळीव, बाळंतशोप गाडग्यात बांधून ठेवली. गाडीत गवत पडलंय. मालक रोज बैलांना दारातच बांधतात. त्यांना भ्या वाटतंय, बोलत न्हाईत.

आज राहीबाईला म्हणले, "गुंडाला आधीच आणू का? मला काय झालं तर डोळ्यांनी बघीन तरी."

"नाव घेऊ नगंस त्याचं! बारशाच्या आत न्हाई. रीत मोडली तर दोघांवर उलटंल."

मी दुपट्यांच्या घड्या घालाय लागले. हितं मात्र खरं लिहिते. राहीबाई न्हाई म्हणली तवा माझ्या अंगातनं हुश्श झालं. आणा म्हणायला तोंड उघडलं, आन त्याच येळंला मनात आलं — परत जागरण. आईच्या मनात ह्ये येतंय व्हय? पोटातलं लाथा घालतंय. त्याला कळत असंल का, कसलीच्या पोटात आपण बसलोय?

गुरुवार, १६ मार्च

सोमवारी सकाळी सुटले. पोरगी. काळीसावळी, केसाळ, राहीबाईच्या हातातच आरडली. पडल्या पडल्या लिहिते. राहीबाईनं बघितलं तर वही चुलीत घालंल. बाळंतिणीनं डोळ्यांना ताण देऊ नये म्हणती.

रगत लागलं व्हतंच. मालकांनी बैल जुपले, मला उचलायला चादर आणली. राहीबाई दोन्ही मुठींनी पोट दाबत व्हती, घाम तिच्या नाकावरनं माझ्यावर पडत व्हता, आन शिव्या घालत व्हती मला. "थांब! थांब म्हणते ना! हितनं हलायचं न्हाई तू!" मला पार लांबनं ऐकू येत व्हतं. मनात एकच. आलं. तिसऱ्या बारीला म्हणलेलं देवानं ऐकलं, आता तो हिशेब करतोय. पोर नगं म्हणलीस, जा मग.

पर थांबलं. बैल परत सोडले. मालक दाराबाहेर उकिडवे बसून रडले, भामाबाईनं बघितलं. मला सांगत न्हाईत.

राहीबाई हात धुताना म्हणली, "निजून अंगात जोर आला व्हता म्हणून वाचलीस. न्हाईतर गेलीच व्हतीस." म्हंजे पोर इकून मी माझा जीव इकत घेतला. आता ह्याचं काय करू? बरं मानू का वाईट?

पाडव्याला बारसं धरलंय. वन्संना सांगावा गेलाय, कोंडीबाला घेऊन या.

रविवार, १९ मार्च

आले दोघं.

खोलीच्या दारात उभा ऱ्हायला. तेल चोपडलेलं डोकं, अंगात नवी बंडी. उंच झालाय. मी हाक मारायची न्हाई, रीत हाय अजून. नुस्तं बघितलं. त्यानं मला बघितलं, मग कुशीतल्या पोरीला बघितलं. मग वन्संच्या लुगड्याआड गेला. दिवाळीत बोळ लावला तवा बघितलं व्हतं तसंच बघितलं, फकस्त ह्या बारीला बोळ न्हवता.

वन्सं लय वाळल्यात. डोळं खोल गेलेत. मी म्हणलं, "वन्सं, मोटारीनं दमलासा. पडा जरा." तर म्हणल्या, "मला कसली झोप येतीया आता." पोरगीला बघितलं, तोंडावरनं हात फिरवला, घेतली मात्र न्हाई.

दुपारी गुंडा त्यांच्या मांडीवर निजला. त्यांच्या कानाची पाळी धरून. माझी धरायचा तशीच.

सोमवार, २० मार्च

मालक रानात गेले, राहीबाई पोरीला न्हाऊ घालून गेली, तवा वन्संनी दार लोटलं आन बाजंच्या कडंला बसल्या. म्हणल्या जसं म्हणल्या तसं लिहिते.

"बनू, ह्यो एक बी रात निजला न्हाई विट्याला. एक बी न्हाई. आई आई करत उठायचा, दाराकडं पळायचा. आकाराम बघाय आला तवा माज्या भावाला मी खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिशी माणूस धाडलं असतंस. मी त्याला कडंवर घेऊन अंगणात फिरले रोज, आन मला एकदा बी वाटलं न्हाई, ह्यो निजावा. आई म्हणायचा ते तुला म्हणायचा. मी व्हय म्हणत ऱ्हायले."

मी उठून बसाय गेले. त्यांनी खांद्यावर हात ठेवला.

"ऐक. तिसऱ्या बारीला तू खरं बोललीस. राहीबाईला कळलं न्हाई, आकारामाला कळलं न्हाई, मला कळलं. आता आकारामाला इचारू नगंस, राहीबाईला इचारू नगंस. खरं बोलली असशील तर सुपात जोंधळं घालू नगंस, मी ह्याला नेते, जागते जलमभर. आन आता ते खरं ऱ्हायलं नसंल तर घाल, मी मुकाट्यानं विट्याला जाते. पर रीत म्हणून घालू नगंस बनू. पाडव्याच्या सकाळपातूर मला सांग."